बॅकअप क्लस्टरमधला नोड रात्री पडतो, सकाळी ठीक दिसतो: तपासणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं

सेफवर (अनेक सर्व्हरमधल्या डिस्क जोडून एकच साठा बनवणारं सॉफ्टवेअर) चालणारे बॅकअप क्लस्टर सांभाळणं हे माझं रोजचं काम. बहुतेक ठिकाणची मांडणी सारखीच असते: चार ते सहा नोड म्हणजे सर्व्हर, प्रत्येकात दहा-बारा हार्ड डिस्क, तीन मॉनिटर (क्लस्टरची स्थिती नोंदवणारे प्रोग्राम), दहा गिगाबिटचा स्विच, आणि रात्री अकरानंतर सगळ्या विभागांचे बॅकअप एकदम त्यावर येऊन आदळतात. तक्रारही सारखीच असते. एक नोड अधूनमधून पडतो. दिवसा बघायला जावं तर सगळं हिरवं. रीस्टार्ट केला की दहा-बारा दिवस बरे जातात, मग एके रात्री पुन्हा तेच.

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जुळली तर पुढचं वाचा:

- सेफच्या स्टेटसमध्ये ‘हेल्थ वॉर्न’ आणि खाली ‘१ होस्ट डाउन’, किंवा एकाच नोडवरचे बरेच ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे प्रोग्राम) एकदम डाउन.
- ओएसडी पडतात, दोन मिनिटांनी स्वतःच उठतात, पुन्हा पडतात. लॉगमध्ये रात्रभर हीच ये-जा.
- ‘स्लो ऑप्स’ची, म्हणजे रेंगाळलेल्या कामांची, संख्या बॅकअपच्या वेळेत चढत जाते आणि पहाटे उतरते.
- तीन तासांत संपणारा बॅकअप सात तास चालतो, किंवा मध्येच टाइमआउट होऊन मरतो.
- मॉनिटरची तक्रार: घड्याळात फरक आहे, किंवा एक मॉनिटर कोरममध्ये, म्हणजे निर्णय घेणाऱ्या बहुमतात, नाही.
- नोडला पिंग जातो, एसएसएचही (दूरवरून लॉगिन) उघडतं, तरी त्यावरचे सगळे ओएसडी डाउन.
- वाचणं चालू आहे, पण काही ठिकाणी लिहिणं अडकून बसलं आहे.

शेवटच्या दोन लक्षणांना मी सगळ्यात जास्त घाबरतो. नोड पूर्ण मेला तर क्लस्टरला ते लगेच कळतं. अर्धा जिवंत नोड मात्र सगळ्यांना आपल्याबरोबर खाली ओढतो.

हात लावण्याआधी

तीन प्रती ठेवणाऱ्या पूलमधून, म्हणजे क्लस्टरवरच्या साठ्यातून, एक नोड गेला तरी डेटा जात नाही. उरलेल्या दोन प्रतींवर वाचणं-लिहिणं सुरू राहतं. किमान प्रतींची मर्यादा दोनवर ठेवलेली असते ती याचसाठी. डेटा धोक्यात येतो तो दुसरा नोड गेल्यावर, आणि मी पाहिलेल्या वाईट रात्रींमध्ये दुसरा नोड बहुतेक वेळा माणसानेच घालवला होता. कुणी चुकीच्या सर्व्हरचं पॉवर बटण दाबलं, कुणी ‘सगळे एकदा रीस्टार्ट करून बघू’ म्हणालं, कुणी केबल बदलताना शेजारची ओढली. म्हणून माझा नियम कडक आहे: एक नोड पडलेला असताना दुसऱ्या कुठल्याही नोडला हात लावायचा नाही. अपडेट नाही, केबल नाही, रीस्टार्ट नाही.

आता डाउन आणि आउट यातला फरक, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ओएसडी एकमेकांना दर सहा सेकंदांनी हार्टबीट, म्हणजे ‘जिवंत आहेस का’ असा निरोप, पाठवतात. वीस सेकंद उत्तर आलं नाही की शेजारी मॉनिटरकडे तक्रार करतात. निदान दोन वेगळ्या नोडांवरून तक्रार आली की मॉनिटर त्या ओएसडीला डाउन ठरवतो. इथवर डेटा जागचा हलत नाही. पण डाउन अवस्थेत दहा मिनिटं गेली की त्याला आउट ठरवलं जातं, आणि त्याच्याकडच्या प्रती उरलेल्या नोडांवर नव्याने बनवायचं काम सुरू होतं.

हे काम किती मोठं आहे याचा हिशोब एकदा कागदावर करून ठेवा. एका नोडमध्ये ८ टेराबाइटच्या १२ डिस्क, म्हणजे ९६ टेराबाइट. साठ टक्के भरलेला असेल तर सुमारे ५८ टेराबाइट पुन्हा लिहायचे. सेकंदाला ५०० मेगाबाइट वेग मिळाला तरी बत्तीस तास. म्हणजे आजची रात्र आणि उद्याची रात्र बॅकअप आणि रिकव्हरी एकाच डिस्कांवर भांडणार. आणि हे सगळं पाच मिनिटांत निघणाऱ्या सैल केबलसाठी.

तेव्हा पहिलं काम ‘सेफ ओएसडी सेट नोआउट’ ही आज्ञा, म्हणजे डाउन ओएसडीला आउट ठरवलं जाणार नाही. याने नोड बरा होत नाही, फक्त तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. नोड तासाभरात परत आला तर मधल्या काळात बदललेलं तेवढंच त्याला पाठवावं लागतं. पण हा फ्लॅग लावून विसरू नका. तो असेपर्यंत बराच डेटा दोनच प्रतींवर उभा असतो. मी स्वतःला संध्याकाळी पाचची मुदत देतो. तोवर नोड परत येण्याची खात्री नसेल तर फ्लॅग काढतो आणि रिकव्हरी होऊ देतो, अर्थात उरलेल्या नोडांवर जागा असेल तर.

दुसरं काम बॅकअपवाल्यांनाच सुचावं असं आहे, पण धांदलीत राहून जातं: जुने बॅकअप पुसणारं शेड्यूल थांबवा. नवे बॅकअप फसताहेत आणि जुने वेळापत्रकाप्रमाणे पुसले जाताहेत, अशी स्थिती दोन-तीन रात्री चालली तर क्लस्टर नीट होईल तेव्हा त्यात कामाचं फार काही उरलेलं नसेल. शिवाय पुसण्याच्या कामाचा भार आजारी क्लस्टरवर पडतो तो वेगळाच.

तिसरं, आज रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा बॅकअप कुठे जाईल ते आत्ताच ठरवा. एखादी बाहेरची डिस्क, जुना नॅस, काहीही चालेल. मूळ सर्व्हर अजून जिवंत आहेत ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

किती ओएसडी पडले ते मोजा

हे फुकट आहे आणि अर्धं निदान इथेच होतं. ‘सेफ ओएसडी ट्री’ बघा. एकच ओएसडी पडला असेल तर संशय त्या डिस्कवर. बारापैकी चार किंवा सहा पडले असतील तर त्यांचं समान काय ते शोधा. बहुधा त्या सगळ्यांचा डेटाबेस एकाच वेगवान एनव्हीएमई डिस्कवर ठेवलेला असतो, आणि ती गेली की तिच्यावर टेकलेले सगळे जातात. बाराच्या बारा पडले तर डिस्कांचा विचार सोडा. बारा डिस्क एका मिनिटात मरत नाहीत. तिथे वीज, नेटवर्क, मेमरी किंवा डिस्क कंट्रोलर.

मग लॉगमधल्या वेळा एका कागदावर उतरवा. मागच्या चार-पाच घटना पुरतात. तारीख, तास, मिनिट. दर वेळी बॅकअप सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी पडतो की पहाटे चारला? की वेळेला काही धरबंधच नाही? बॅकअप सुरू झाल्याबरोबर पडणारा नोड भाराने पडतो. उन्हाळ्यातच पडणारा उष्णतेने. कधीही पडणारा बहुधा विजेने किंवा केबलने. हा कागद पुढे तज्ज्ञाला बोलवावं लागलं तर त्याचे निदान दोन तास वाचवतो.

खोलीत जाऊन बघा

दूरवरून सगळं तपासायची सवय चांगली असली तरी सर्व्हर रूममध्ये एक फेरी मारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

विदर्भातल्या एका संस्थेत मे महिन्यात एक नोड आठवड्यातून दोनदा पडायचा, रॅकमधला सगळ्यात वरचा. लॉगमध्ये काही नाही, सरळ बंद. दोन वेळा मेमरी बदलून झाली होती. मी गेलो तेव्हा सकाळी खोली गारठलेली होती. दाराशी रखवालदार काका बसले होते.

“काका, रात्री लाइट गेली होती का?”

“गेली होती ना साहेब, दीडच्या सुमाराला. पण जनरेटर लगेच लागला.”

“आणि एसी?”

“एसी सकाळी आल्यावर मीच लावला.”

सगळं तिथेच उलगडलं. लाइट गेल्यावर सर्व्हर यूपीएसवर चालत राहिले, जनरेटर आला, पण साधा स्प्लिट एसी वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नव्हता. बंद खोलीत पाच सर्व्हर आणि वर तापलेली स्लॅब. गरम हवा वर चढते, म्हणून वरचा नोड आधी पडायचा. सकाळी काका एसी लावत, मग आम्ही गार खोलीत उभे राहून मेमरीवर संशय घ्यायचो. वीज परत आल्यावर आपणहून चालू होणारा एसी बसवला आणि नोड पुन्हा पडला नाही.

तर खोलीत गेल्यावर एवढं बघा. एसी वीज गेल्यावर स्वतः सुरू होतो का, हे विचारू नका, करून बघा. नोडच्या दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे हिरवे आहेत का. दोन्हीच्या वायरी एकाच पट्टीत तर नाहीत? दोन सप्लाय एकाच पट्टीवर लावले तर दुसरा असून नसल्यासारखा. यूपीएसच्या बॅटरीचं वय विचारा. जुनी बॅटरी दाखवताना शंभर टक्के दाखवते आणि रात्री पूर्ण भारावर दोन मिनिटांत बसते. पंख्यांच्या जाळीत धूळ किती आहे. आणि रॅकचं मागचं दार बंद करून बघा. या दाराची गोष्ट नेटवर्कपाशी येईल.

भरलेली डिस्क, चुकलेलं घड्याळ

या दोन तपासण्यांना मिळून पाच मिनिटं लागतात.

नोडच्या सिस्टिम डिस्कवर, म्हणजे जिथे ऑपरेटिंग सिस्टिम आणि लॉग असतात तिथे, जागा किती आहे बघा. मॉनिटरही बहुधा तिथेच राहतो. त्याच्या डिस्कवर तीस टक्क्यांहून कमी जागा उरली की इशारा येतो, आणि पाच टक्क्यांखाली गेली की मॉनिटर स्वतःहून बंद होतो. कुणी तरी तपासासाठी लॉगची पातळी वाढवून ठेवलेली असते आणि ती परत खाली आणायची राहते. मग रात्रीच्या भारात लॉग फुगत जातात.

घड्याळाचं सांगायचं तर मॉनिटरांमध्ये ०.०५ सेकंदांहून जास्त फरक सेफ खपवून घेत नाही, लगेच इशारा देतो. क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू आहे का आणि सगळे नोड एकाच वेळ-सर्व्हरकडे बघतात का, ते पाहा. वीज जाऊन आल्यावर घड्याळ थेट काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला आहे. सेफच्या ओळखीच्या तिकिटांना मुदत असते. घड्याळ इतकं चुकलं की ती जुळत नाहीत, आणि नोड सुरू असूनही क्लस्टर त्याला आत घेत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या त्या चपट्या सेलसाठी अख्खा सर्व्हर दुरुस्तीला गेलेला मी पाहिला आहे.

मेमरी

एका ओएसडीचं मेमरीचं लक्ष्य ४ गिगाबाइट असतं, हे सेफचं मूळ सेटिंग. बारा ओएसडी म्हणजे ४८. नोडमध्ये ६४ गिगाबाइट आहेत, वर मॉनिटर आणि ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे दिवसा व्यवस्थित बसतं. पण ते लक्ष्य आहे, कुंपण नव्हे. रिकव्हरी आणि बॅकअप एकत्र आले की ओएसडी त्याच्या वर जातात. मग लिनक्सचा कर्नल मेमरी वाचवायला सगळ्यात मोठी प्रोसेस मारतो, आणि ती असते एखादा ओएसडी. तो पडून पुन्हा उठला की त्याची रिकव्हरी सुरू, बाकीच्यांची मेमरी वाढते, दुसरा मारला जातो. अशी माळ लागते.

कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ शोधा. सापडलं तर निदान पक्कं. लक्ष्य ३ गिगाबाइटवर आणणं हा त्या रात्रीपुरता उपाय. खरा उपाय मेमरी वाढवणं. इथे ओएसडीच्या डेमनला (मागे चालू असणाऱ्या प्रोग्रामला) वारंवार हाताने उठवत बसू नका. थोड्या वेळात सलग तीन-चारदा पडलेल्या डेमनला सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) पुन्हा सुरू करायचं सोडून देते, ‘रीसेट-फेल्ड’ दिल्याशिवाय तो उठत नाही. ही अडचण नव्हे. तो डेमन का पडतोय ते आधी बघा, एवढंच त्यातून समजायचं.

नेटवर्क: इथे वेळ द्या

ओएसडी उठतात-पडतात असं लक्षण असेल तर माझा पहिला संशय नेटवर्कवर असतो, आणि तो बहुतेक खरा ठरतो.

आधी वेग. पोर्ट दहा गिगाबिटचा असून एक गिगाबिटवर जुळलेला दिसला तर केबल किंवा मॉड्यूल. मग ‘ईथटूल’ने चुकांचे आकडे बघा, विशेषतः सीआरसीचे, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचे. एकदाच बघून उपयोग नाही. तो आकडा सर्व्हर सुरू झाल्यापासूनचा असतो. आत्ता लिहून ठेवा, बॅकअप सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा बघा. फरक वाढत असेल तर केबल बदला, साफ करून पुन्हा लावत बसू नका.

आता ते दार. एका पतसंस्थेत तिसरा नोड फक्त रात्री उठायचा-पडायचा. दिवसा आम्ही तासन् तास आकडे बघत बसायचो, एकही चूक नाही. एका संध्याकाळी मी जाताना रॅकचं मागचं दार लावलं आणि परत येऊन लॅपटॉपवर सहज नजर टाकली, तर सीआरसीचा आकडा पळत होता. दार उघडलं, थांबला. लावलं, पुन्हा पळायला लागला. जाड तांब्याची केबल कनेक्टरपासून दोन बोटांवर काटकोनात दुमडली होती आणि दार लागलं की तिच्यावर दाब यायचा. आम्ही तपासायला येताना दार उघडायचो, म्हणजे दर वेळी दोष घालवूनच तपासणीला बसायचो. तेव्हापासून मी सगळी मोजणी रॅकची दोन्ही दारं लावून करतो.

यापेक्षा जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पॅकेटचा आकार. स्टोरेजच्या नेटवर्कवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० बाइट ठेवलेलं असतं. स्विच बदलला किंवा त्याचं सेटिंग मूळ पदावर गेलं, तर वाटेतलं एखादं पोर्ट १५०० वरच राहतं. साधा पिंग छोटा असतो, तो मजेत जातो. एसएसएच उघडतं. माणूस म्हणतो नेटवर्क ठीक आहे. मोठी पॅकेटं मात्र वाटेतच गळतात. सेफचे हार्टबीट मुद्दाम दोन हजार बाइटांपर्यंत फुगवलेले असतात ते अशीच चूक पकडायला. म्हणून पिंग चालू आणि ओएसडी डाउन असं विचित्र चित्र दिसतं.

तपासणी सोपी आहे. पॅकेट तोडायचं नाही असं सांगून ८९७२ बाइटांचा पिंग करा. नऊ हजारांतून वीस बाइट आयपीचे आणि आठ आयसीएमपीचे वजा केले की ८९७२. प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडला करा, पाच नोड असतील तर वीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण एकच जोडी अडकलेली असू शकते आणि ती नेमकी तुम्ही वगळलेली असते. दोन पोर्ट जोडून एक केलेले असतील तर एकेक पोर्ट आलटून-पालटून खाली घेऊन हीच तपासणी करा. हे काम मात्र सगळे नोड उभे असताना, दिवसा.

डिस्क

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे वाचताना मी चारच बघतो. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येऊन रांगेत उभे असलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. १९७ शून्याच्या वर जाऊन वाढत असेल तर ती डिस्क बदलायच्या यादीत टाका. १९९ वेगळा आहे. तो डिस्क आणि कंट्रोलर यांच्यातल्या वाटेचा दोष दाखवतो. तो वाढत असेल तर चांगली डिस्क फेकू नका, केबल किंवा बॅकप्लेन (डिस्क जिच्यात खोचतात ती पाटी) बघा.

स्वस्तात आणलेल्या मोठ्या डिस्कांबद्दल थोडं सविस्तर, कारण बॅकअपच्या क्लस्टरमध्येच त्या जास्त घुसतात. एसएमआर पद्धतीच्या डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, कौलारू छपरावर कौलं चढवतात तसे. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. तसंच इथे जुन्या जागी थोडं लिहायचं तरी शेजारचा मोठा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. डिस्कमध्ये यासाठी एक वेगळी राखीव जागा असते. आधी लिखाण तिथे होतं, मग निवांत वेळी मांडणी. दिवसा दहा मिनिटांच्या चाचणीत ही डिस्क उत्तम वेग दाखवते. रात्री तीन तास सलग लिखाण आलं की राखीव जागा भरते आणि डिस्क कित्येक सेकंद उत्तरच देत नाही. ओएसडी अडकतो, शेजारी तक्रार करतात, मॉनिटर त्याला डाउन ठरवतो. स्मार्टमध्ये एकही दोष नसतो. मॉडेल क्रमांकावरून डिस्क कोणत्या पद्धतीची ते बघा. एसएमआर निघाली तर सेटिंग बदलून काही होणार नाही, डिस्कच बदलायची. संस्थेला हे सांगणं अवघड जातं, पण सांगावंच लागतं.

कंट्रोलर, मदरबोर्ड, आणि मांडणीतला दोष

इथवर काही सापडलं नाही तर आयपीएमआयमधला (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेतला) घटनांचा लॉग काढा. सर्व्हर बंद पडला तरी तो त्यात राहतो. दुरुस्त न झालेली मेमरीची चूक, सप्लायची वीज जाणं, तापमानाची मर्यादा ओलांडणं, असं काही दिसेल. मेमरीची नोंद असेल तर तेवढी एक कांडी बदला. कर्नलच्या लॉगमध्ये डिस्क कंट्रोलर रीसेट झाल्याच्या ओळी आणि त्याच सेकंदाला सगळे ओएसडी डाउन, असं असेल तर कंट्रोलर तापतोय, सैल बसलाय किंवा त्याचं फर्मवेअर जुनं आहे. फर्मवेअर चढवणं मी अनुभवी हातांवर सोडतो, आणि पडलेल्या नोडवर कधीच रात्री करत नाही.

एक दोष मात्र कुठल्याच सर्व्हरच्या आत नसतो. पाच नोडांवर जागा वाचवायला चार अधिक दोन अशी इरेजर कोडिंगची (पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे चार तुकडे आणि दोन जादा) मांडणी करतात. म्हणजे सहा तुकडे, पण नोड पाच. मग विभागणी नोडऐवजी डिस्कवार केलेली असते, आणि एकाच नोडवर दोन किंवा तीन तुकडे जाऊन बसतात. दोन गेले की उरतात चार. सेफला इथे सहसा पाच लागतात, म्हणून त्या भागाचं वाचणं-लिहिणं थांबतं. तीन गेले तर उरलेल्यांतून डेटा उभाच राहत नाही, तो नोड परत येईपर्यंत. ‘एक नोड पडला की अख्खा बॅकअप का थांबतो’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा हेच असतं. क्रश नियमात, म्हणजे तुकडे कुठे ठेवायचे ते ठरवणाऱ्या नियमात, नोड लिहिलं आहे की ओएसडी, ते आजच बघून घ्या.

जागेचाही हिशोब इथेच. ८५ टक्क्यांवर इशारा, ९० वर रिकव्हरीचा भरणा थांबतो, ९५ वर लिखाण बंद. पाच नोडांपैकी एक गेला तर त्याचा भार चौघांवर येतो. ते चौघे ८५ च्या आत राहावेत असं वाटत असेल तर पाचही उभे असताना क्लस्टर ६८ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पहिला नोड पडलेला असताना दुसरा पडला, किंवा तीनपैकी दोन मॉनिटर गेले आणि कोरम मोडला, तर काहीही रीस्टार्ट न करता फोन करा.

पीजीच्या (क्लस्टरने पाडलेल्या डेटाच्या गटांच्या) यादीत ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘अनफाउंड’ हे शब्द दिसले तर थांबा. ‘डिग्रेडेड’ने घाबरू नका, ती प्रत कमी असल्याची नोंद आहे. ‘अनफाउंड’ म्हणजे क्लस्टरला माहीत आहे की डेटा होता, पण जिवंत डिस्कांवर तो सापडत नाही. तो कदाचित पडलेल्या नोडच्या डिस्कवर शाबूत असेल. म्हणून त्या डिस्क पुसू नका, फॉरमॅट करू नका, ‘नवीन ओएसडी म्हणून जोडून बघू’ असंही करू नका. जाणकार माणूस त्यातून पीजी बाहेर काढू शकतो, पण पुसलेल्या डिस्कमधून कुणीच काढू शकत नाही.

आज्ञेच्या शेवटी ‘यस-आय-रियली-मीन-इट’ लिहायची वेळ आली की कीबोर्डवरून हात काढा. ‘लॉस्ट’ हा शब्द असलेली कोणतीही आज्ञा तशीच. इंटरनेटवर कुणाचं तरी क्लस्टर तिने सुरू झालेलं असतं, पण त्या माणसाने काय सोडून दिलं ते तिथे लिहिलेलं नसतं.

जळका वास, फुगलेली यूपीएस बॅटरी, रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या, यासाठी आधी इलेक्ट्रिशियन. अर्थिंग तपासल्याशिवाय सर्व्हरवाल्याने आत हात घालू नये.

आणि हाच नोड सगळं तपासून, भाग बदलून तिसऱ्यांदा पडला, तर त्याला क्लस्टरमधून रीतसर काढा. ‘सेफ-टू-डिस्ट्रॉय’ने विचारा, हो म्हटलं तरच काढा, आणि सर्व्हर कंपनीकडे पाठवा. चार निरोगी नोड पाचव्या लंगड्यापेक्षा बरे.

नोड परत आल्यावर

ओएसडी सगळे वर आले की लगेच नोआउट काढू नका, दहा मिनिटं बघा. मग काढा, आणि सगळे पीजी ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘क्लीन’ होईपर्यंत दुसरं काही करू नका. रिकव्हरीचा वेग दिवसा वाढवा, रात्री बॅकअपच्या आधी कमी करा. सेफच्या क्विन्सीपासूनच्या आवृत्त्यांत एमक्लॉकची (कामांमध्ये वेग वाटून देणारी) प्रोफाइल बदलून हे एका आज्ञेत होतं.

थांबवलेलं जुने बॅकअप पुसायचं शेड्यूल सगळ्यात शेवटी सुरू करा. त्याआधी नोड पडला त्या रात्रीचा एक आणि त्याच्या आदल्या रात्रीचा एक, असे दोन बॅकअप खरोखर रिस्टोर करून बघा, फाइल उघडून, डेटाबेस चालू करून. बॅकअपच्या लॉगमधल्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. ती बॅकअप लिहून झाला एवढंच सांगते.

आणि पहिल्या रात्री जागे राहा. मी अकराला बॅकअप सुरू करतो, साडेअकराला सीआरसीचे आकडे घेतो, दीड वाजता मेमरी आणि तापमान बघतो, पहाटे चारला पुन्हा. या सगळ्या वेळांचे आकडे त्याच कागदावर, जुन्या घटनांच्या वेळांच्या शेजारी लिहितो आणि तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवतो. पुढच्या वेळी कुणीही आलं तरी दार उघडताच त्याला तो आधी दिसतो.